खामगावच्या गठाणी, लंडनची भिंत

मे महिन्यात अकोल्यातल्या बँकेत माणसं दोन कामांसाठी जातात. एक, पीककर्ज नवं-जुनं करायला. दोन, एसीत बसायला. पहिलं काम दहा मिनिटांचं असलं तरी दुसऱ्यासाठी लोक दोन तास काढतात, आणि बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना त्यांना कोणी उठवतही नाही. २०२५ च्या मे महिन्यात मी आणि बाबा असेच बसलो होतो. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते वर, भिंतीवरच्या पांढऱ्या खोक्याकडे बघत होते. त्यावर लिहिलं होतं : व्होल्टास.

"बाबा, यातला 'टास' म्हणजे टाटा. 'व्होल' म्हणजे कोण, माहीत आहे?"

"कंपनी आहे थे. टाटाची."

"अर्धी टाटाची. अर्धी एका स्वित्झर्लंडच्या कंपनीची. फोल्कार्ट. ते लोक आपला कापूस घ्यायचे. खामगावात."

"काहीबी," बाबा म्हणाले आणि परत वर बघायला लागले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "कोणत्या साली?"

हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून हा लेख. कारण त्याच्या महिनाभर आधीपासून माझ्या डोक्यात खामगाव, लंडन आणि व्हॅन गॉग यांचा एक गुंता झाला होता आणि तो कोणाला सांगावा ते कळत नव्हतं.

गुंता सुरू झाला एका व्हॉइस नोटनं. माझी एक मैत्रीण अमरावतीची, राजकमल चौकाच्या मागच्या बाजूला घर. विद्यापीठात आम्ही एकाच वर्गात होतो. ती आता लंडनला शिकते. मला चित्रांचं वेड आहे हे तिला माहीत आहे. वेड म्हणजे काय, तर फोनमधलं. मी आजवर एकही मोठं युरोपियन चित्र प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. चौथीत एलिमेंटरीच्या परीक्षेसारखं स्थिरचित्र काढून बघायची हौस होती, पुढे ती स्क्रीनवर सरकली. दोन बोटांनी झूम करत करत मी मोनेच्या कमळांपर्यंत गेलेली आहे, तिथून पुढे चौकोन चौकोन दिसायला लागतात.

तर एप्रिलमध्ये तिची साडेसहा मिनिटांची व्हॉइस नोट आली. "माय वं, ऐक. मी कोर्टोल्ड गॅलरीत आली होती. एका माणसाचं कलेक्शन लागलं आहे. स्वित्झर्लंडहून आणलं. एक चित्र आहे, त्यात माशाचे फक्त तीन तुकडे. काळ्यावर गुलाबी. दुसरं काहीच नाही. मले त पाहूनच कसंतरी झालं. आणि तुझा व्हॅन गॉग आहे. दोन-दोन आहेत. दवाखान्यातले. मी एकटीच पाहून रायली म्हणून तुझी आठवण आली." मागे बुटांचे आवाज, कुणीतरी खोकलं, मग ती बाहेर सॉमरसेट हाउसच्या अंगणात आली असावी, कारण वारा ऐकू येत होता.

मी प्रदर्शनाचं नाव विचारलं. तिनं तिकिटाचा फोटो पाठवला. गोयापासून इम्प्रेशनिझमपर्यंत, ऑस्कर राइनहार्ट संग्रहातल्या निवडक कलाकृती. १४ फेब्रुवारी ते २६ मे २०२५.

राइनहार्ट हे नाव मी वाचलं होतं. चित्रांच्या पुस्तकात नाही. कापसाच्या.

स्वेन बेकर्ट नावाच्या इतिहासकाराचं 'एम्पायर ऑफ कॉटन' हे जाड पुस्तक आहे, २०१४ चं. एम.ए.ला असताना ते वाचायला घेतलं ते परीक्षेसाठी. जगभरातल्या कापसाचा इतिहास : मँचेस्टर, लिव्हरपूल, मिसिसिपी, इजिप्त. आणि मध्येच एका पानावर खामगाव. आमच्या आत्याचं खामगाव. आपल्या ओळखीचं माणूस अचानक टीव्हीवर दिसावं तसं झालं. त्या दिवशी मी अभ्यास सोडून फक्त खामगाव, बेरार, अमरावती एवढेच शब्द शोधत पुस्तक चाळलं. तिथेच फोल्कार्ट भेटली, आणि तिच्या मागे मागे जाताना राइनहार्ट घराणं.

गोष्ट थोडक्यात अशी. १८५१ च्या १ फेब्रुवारीला सालोमन आणि योहान गेओर्ग फोल्कार्ट या दोन भावांनी एक कंपनी काढली, एकाच दिवशी दोन ठिकाणी : स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावात आणि मुंबईत. इकडून कापूस, कॉफी, मसाले न्यायचे, तिकडचा पक्का माल आणायचा. दहा वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतला कापूस बंदरांतच अडकला आणि लिव्हरपूलच्या दलालांना हिंदुस्थानचा नकाशा आठवला. त्या नकाशात वऱ्हाड होतं. १८५३ मध्येच इंग्रजांनी निजामाकडून हा मुलूख कारभारासाठी काढून घेतला होता, आणि काळ्या मातीचं, कापसाचं रान म्हणूनच त्यांची त्यावर नजर होती. भाव आभाळाला भिडले. युद्ध १८६५ मध्ये संपलं तसे ते खालीही आले, पण तोपर्यंत रूळ पडायला लागले होते. १८६७ मध्ये मुंबईची गाडी बडनेरा, वर्ध्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला, जलंब ते खामगाव ही पिटुकली लाइन आणि कापसाचा बाजार उघडायला. व्हाइसरॉय! आमच्याकडे आता पालकमंत्री यायचा म्हटलं तरी रस्त्यावरचे खड्डे बुजतात.

त्याच १८७० मध्ये समुद्राखालून मुंबईला तारेनं जोडलं गेलं. म्हणजे लिव्हरपूलचा भाव मुंबईत आणि मुंबईचा खामगावात पोचायला आता बोटीची वाट पाहायची गरज नव्हती. फोल्कार्टची खरेदीची एजन्सी खामगावात होती, गठाणी बांधायचा प्रेस होता. मुंबईत बसून अडत्यांच्या साखळीतून माल घेण्यापेक्षा शेताच्या जवळ जाऊन घ्यायचा, तिथेच दाबायचा, तिथूनच रेल्वेत चढवायचा, ही त्यांची पद्धत. आजच्या भाषेत मधला माणूस काढून टाकणं. आणि मधला माणूस काढला की त्याचे पैसे कुठे जातात, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला एक नाव होतं : 'उमरा'. अमरावतीला म्हातारी माणसं अजून उमरावती म्हणतात ना, तेच ते. वऱ्हाडचा आणि आसपासचा सगळा आखूड धाग्याचा माल उमरा. मी हे मैत्रिणीला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपलं गाव आधीच येऊन गेलं होतं इथं. स्पेलिंग चुकवून."

सालोमन फोल्कार्टचा जावई थिओडोर राइनहार्ट. पुढे कंपनी त्याच्याकडे आली. त्याला चार मुलगे : गेओर्ग, हान्स, वेर्नर आणि सगळ्यांत धाकटा ऑस्कर, जन्म १८८५ चा. ऑस्कर कंपनीच्या कामासाठी लंडनमध्ये राहिला, हिंदुस्थानातही राहिला, पण त्याचं मन चित्रांत. १९२४ मध्ये, चाळिशीच्या आत, तो धंद्यातून बाहेर पडला. त्याच वर्षी विंटरथूरच्या टेकडीवरचा 'आम रोमरहोल्झ' हा बंगला घेतला आणि उरलेलं आयुष्य भिंती भरण्यात घालवलं. सेझान, रेन्वार, माने, दोमिए, व्हॅन गॉग, तरुण पिकासो. मागे क्रानाख आणि गोयाही, कारण त्याच्या मते आधुनिक चित्रकला हवेतून पडलेली नव्हती. सुमारे दोनशे कामं. लग्न केलं नाही. १९५८ मध्ये त्यानं सगळा संग्रह बंगल्यासकट स्विस सरकारला देऊन टाकला, १९६५ मध्ये तो गेला, १९७० मध्ये बंगला लोकांना खुला झाला.

दुसरा भाऊ वेर्नर संगीतवेडा. स्ट्राव्हिन्स्कीच्या 'सैनिकाची गोष्ट' या १९१८ च्या रचनेचा खर्च त्यानं उचलला. आणि रिल्के! जर्मन कवी रायनर मारिया रिल्के, ज्याचं नाव मराठी कवी इतक्या आदरानं घेतात, त्याला राहायला मुझो नावाचा जुना दगडी वाडा याच वेर्नरनं दिला. आधी भाड्यानं घेऊन, मग विकतच घेऊन. तिथे १९२२ च्या फेब्रुवारीत रिल्केनं दहा वर्षं अडकलेली 'दुइनो' विलापिका पूर्ण केली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे फरदडीची शेवटची वेचणी. मी डोळ्यांपुढे दोन्ही चित्रं ठेवून बघत होते. एक थंड दगडी खोली, टेबल, कवी. आणि एक पऱ्हाटीचं रान, त्यात ओटी बांधून वाकलेली बाई. दोघांच्या मध्ये एक वहीखातं.

इथे मला जरा सावध राहिलं पाहिजे, कारण असल्या गोष्टी सांगताना आपण लगेच भाषणावर येतो. फोल्कार्टचा पैसा फक्त वऱ्हाडातून आला नाही. खानदेश, गुजरात, सिंध, दक्षिणेकडची कॉफी, पुढे जपान, अमेरिका. जगातल्या सगळ्यात मोठ्या कापूस व्यापाऱ्यांपैकी ही एक कंपनी होती. व्हॅन गॉगच्या अमुक चित्राला अकोला तालुक्याच्या तमुक गठाणी लागल्या, असा हिशेब कोणी मांडू शकत नाही. चोरीही नाही ही. माल तोलून घेतला, भावानं घेतला. भाव कोणी ठरवला, एवढाच प्रश्न. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून दलाल आपसांत भाव ठरवायचे आणि ज्याचा कापूस तो शेतकरी रुमालाच्या बाहेर उभा. कारंज्याला १८८६ मध्ये बाजारावर नियमांचा अंमल बसवला आणि १८९७ मध्ये बेरारच्या कापूस-धान्य बाजारांचा कायदा झाला, तो काही उगाच नाही. आज आपण जिला बाजार समिती म्हणतो तिचं मूळ तिथलं, आणि तोही माल नीट, वेळेवर गिरणीला मिळावा म्हणून.

ज्वारीच्या जागी कापूस वाढत गेला. धान्य बाहेरून यायला लागलं. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले आणि वऱ्हाडात माणसं मेली, रेल्वे होती तरी. पोट भरायचं ते विकत घ्यायचं, आणि विकत घ्यायला कापसाचे पैसे हवेत, आणि पाऊस नसला की दोन्ही नाही. ऑस्कर तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याला दोष देण्यात मला रस नाही. विंटरथूरच्या शाळेत जाणारा, चित्रांकडे बघत बसणारा मुलगा होता तो. मीही तशीच होते.

मैत्रिणीची व्हॉइस नोट आल्यावर पुढच्या रविवारी मी खामगावला गेले. आत्याकडे जाते म्हणून सांगितलं. बसनं बाळापूरमार्गे तास-सव्वा तास, पण मी मुद्दाम रेल्वेनं जलंबला उतरले आणि तिथून छोटी गाडी धरली. जलंब ते खामगाव तेरा किलोमीटर. डब्यात पंधरावीस माणसं, एक भाजीचं गाठोडं, दोन कॉलेजची पोरं रील बनवत होती. खामगावला रूळ संपतात. पुढे गाडीला जायला जागाच नाही. ही लाइन कुठे जाण्यासाठी टाकलीच नव्हती, इथून काहीतरी नेण्यासाठी टाकली होती. स्टेशनात उतरून मी त्या शेवटच्या बफरपाशी उभी राहिले. फोटो काढला, मैत्रिणीला पाठवला. तिनं उत्तरादाखल टेम्सचा फोटो पाठवला. आम्ही दोघी बराच वेळ काही लिहिलं नाही.

आत्यानं विचारलं, "स्टेशनावर काय पाह्यासारखं आहे वं?" मी म्हटलं, लॉर्ड मेयो आला होता. आत्या म्हणाली, "मंग?"

खामगाव आता बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण १९०५ पर्यंत आमच्या अकोला जिल्ह्यातच होतं. चांदीसाठी प्रसिद्ध आहे. फोल्कार्टचं नाव मी बाजारात दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारलं. एकानं मला पत्ता सांगितला, तो व्होल्टासच्या सर्व्हिस सेंटरचा निघाला. चुकलाही नाही म्हणा तो. फोल्कार्टनं १९५४ मध्ये टाटांबरोबर नवी कंपनी काढून आपला यंत्रांचा धंदा तिच्यात घातला, तीच व्होल्टास. कापसावर आलेल्या घराण्याचं नाव आज वऱ्हाडात उन्हाळ्यात घरोघरी लटकतं. आमच्याकडे नाही. आमच्याकडे कूलर आहे, वाळ्याचा नाही, लाकडी भुशाचा, आणि त्यात पाणी टाकायचं काम माझं.

आता कोर्टोल्डबद्दल. हे प्रदर्शन तिथे भरलं ते रोमरहोल्झच्या बंगल्याचं काम निघालं म्हणून. एरवी ही चित्रं घर सोडत नाहीत. ऑस्करची अटच तशी होती. गोयाचे ते तीन माशांचे तुकडे, मानेचं कॅफेतलं चित्र, व्हॅन गॉगचे दवाखाने, पिकासोनं १९०१ मध्ये काढलेलं निळसर मित्राचं व्यक्तिचित्र, अशी निवडक मंडळी पहिल्यांदाच एकत्र स्वित्झर्लंडबाहेर पडली. मानेच्या चित्राची आणखी एक गंमत : त्यानं १८७८ च्या सुमारास मोठं चित्र सुरू केलं, मग कापून दोन केलं. एक तुकडा ऑस्करकडे आला, दुसरा लंडनच्याच नॅशनल गॅलरीत आहे. म्हणजे त्या तीन महिन्यांत दोन्ही तुकडे एका शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर. मैत्रीण दोन्ही बघून आली. "इकडचा ग्लास तिकडे राहिला नाही ना, ते पाहून आली," म्हणाली.

पण मला खरी मजा वाटली ती यजमानाची. सॅम्युएल कोर्टोल्ड, ज्याच्या संग्रहावर ही गॅलरी उभी आहे, तो ऑस्करचाच समकालीन. दोघंही सेझान, माने, व्हॅन गॉग यांच्यामागे लागलेले. त्याचा पैसा कशाचा? रेयॉनचा. लाकडाच्या लगद्यापासून काढलेलं कृत्रिम रेशीम, व्हिस्कोस. कापसाला बाजारात जे जे नडलं त्यातलं एक. म्हणजे २०२५ मध्ये लंडनला रेयॉनच्या घरी कापूस पाहुणा आला होता. आणि इथे माझी आई, जिनं आयुष्यभर कापूस वेचला, ती कॉटन मार्केटच्या मागच्या दुकानातून दोनशे रुपयांचे रेयॉनचे गाऊन आणते. सुती साडी तिला परवडत नाही असं नाही. "धुवाले जड, इस्त्री मांगते," म्हणते.

तर बँकेतून घरी आलो त्या रात्री. गाव बोरगाव मंजूजवळ, लाइट गेलेली, आम्ही तिघं गच्चीवर. आतल्या खोलीत दहाएक क्विंटल कापूस अजून पडून होता. बाबांनी भाव वाढेल म्हणून ठेवला होता. हमीभाव तेव्हा लांब धाग्याला ७५२१ होता, मध्यमला ७१२१. सरकारी केंद्रावर नोंदणी, ओलावा, रांग. खाजगीत त्याहून कमी. कापूस घरात असला की अंगाला खाज सुटते, आणि मे महिन्यात ती जास्त सुटते.

"दाखव तुझे थे फोटो," बाबा म्हणाले.

मी आधी व्हॅन गॉगच्या दवाखान्याचा वॉर्ड दाखवला. १८८९ चं चित्र, आर्लचा दवाखाना, जिथे तो स्वतः भरती होता. लांबच लांब हॉल, दोन्ही बाजूंना पलंग, पलंगांना पांढरे पडदे, मध्ये शेगडीभोवती बसलेली माणसं. बाबांनी फोन जवळ घेतला. ते २०१९ मध्ये अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, "पडदे चांगले आहेत." मग, "यात आपला कापूस कुठं हाय?"

मी म्हटलं, चित्रात नाही, चित्र घेतलं त्या पैशात आहे. हे वाक्य मी महिनाभर मनात घोळवलं होतं. गच्चीवर बोलल्यावर ते एकदम कमकुवत वाटलं. बाबा नुसतं 'हं' म्हणाले. जे दिसत नाही त्याच्याबद्दल त्यांना फार आस्था नसते. शेतकऱ्याची सवय असेल.

मग मी म्हटलं, थांबा, कापूस असलेलंही एक चित्र आहे. ते राइनहार्टकडचं नाही, फ्रान्समधल्या पो गावच्या संग्रहालयात असतं. देगानं काढलेलं, १८७३ चं : न्यू ऑर्लिन्समधली कापसाची पेढी. देगाची आई तिकडची, तिचा भाऊ कापसाचा दलाल. देगा नातेवाइकांना भेटायला अमेरिकेला गेला आणि मामाच्या ऑफिसात बसून हे चित्र काढलं. मँचेस्टरचा एखादा गिरणीवाला घेईल अशी त्याला आशा होती. घेतलं नाही. शेवटी १८७८ मध्ये पोच्या संग्रहालयानं घेतलं, कुठल्याही संग्रहालयानं घेतलेलं त्याचं ते पहिलं चित्र. लॉर्ड मेयो खामगावला येऊन गेल्यावर तीनच वर्षांनी काढलेलं.

बाबांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मी काही सांगायच्या आत म्हणाले, "हा टोपीवाला म्हातारा अडत्या आहे."

"कशावरून?"

"धागा ओढून पाहून रायला ना. पाह्य त्याचे हात. लांबी पाहून रायला. आता म्हणन, माल हलका आहे."

तो देगाचा मामा. पेढीचा मालक. मी हे पुस्तकात वाचलं होतं. बाबांनी हातांवरून ओळखलं.

"हा मांगं वहीवाला, मुनीम. हे टेबलाजवळचे गिऱ्हाईक. माल दाबून पाहून रायले. आणि हा पेपर वाचते तो मालकाचा पोरगा. त्याले काम नाही."

"पोरगा नाही," मी म्हटलं, "जावई." खरंच होता. देगाचा भाऊ रने, मामाचीच मुलगी केलेली.

"तेच त," बाबा म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की हे चित्र काढत होता तेव्हाच मामाची पेढी बुडत होती, त्याच वर्षी बंद पडली. बाबांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. "माणसं जास्त झाली ना हापिसात," म्हणाले. मग बराच वेळ ते टेबलावर पसरलेल्या कापसाकडे बघत होते. देगानं तो कसा काढलाय ते फोनवरही कळतं : ढगासारखा नाही, मालासारखा. थोडा दबलेला, कडा पिवळट. बाबांचं बोट काचेवरून त्या कापसावर फिरलं, तसं बाजारात फिरतं तसं, आणि चित्र सरकून गेलं. ते परत आणून द्यायला मला सांगितलं.

आई तोपर्यंत पडली होती. ती उठून बसली. "दाखवा मले." बघितलं. "एक बी बाई नाही."

"ऑफिस आहे ते, आई."

"त मंग. कापूस इतका पांढरा, पत्ती नाही, काडी नाही. कोणं येचला असन थो?"

मी सांगितलं. लुइझियाना, गुलामगिरी, काळी माणसं, आठ वर्षांपूर्वी कायद्यानं सुटलेली पण तेच काम करणारी. बायका, पोरं सगळी. आईनं शांतपणे ऐकलं.

"किती भेटत होते किलोले?"

मी गप्प. आईकडे त्या वर्षी वेचणीला किलोमागे दहा रुपये निघाले, आणि बाहेरून बाया आणल्या तर त्यांचं ऑटोभाडं वेगळं. तिच्या शेतात ती मालकीण आहे, दुसऱ्याच्या शेतात ती रोजानं जाते. दोन्ही ठिकाणी ओटी तीच. वेचणी सुरू करायच्या दिवशी ती अजून सीतादही करते, पऱ्हाटीला दहीभात. नंतर जे काही होतं ते शेताच्या बाहेर होतं.

मैत्रिणीला मी हे सगळं कळवलं. तिनं तिकडून लिहिलं की शेवटच्या आठवड्यात परत जाऊन आले, आणि या वेळी व्हॅन गॉगच्या पडद्यांसमोरच उभी होते, किती वेळ ते माहीत नाही. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना सांगावंसं वाटलं की उमरावती नावाचं गाव आहे, पण कसं सुरू करावं कळलं नाही. २६ मे ला प्रदर्शन संपलं. चित्रं खोक्यांत बसून विंटरथूरला परत निघाली.

मला तिकडे कधी जायला मिळालं तर मी जाईन. फुकट नाही, तिकीट काढूनच. आणि व्हॅन गॉग बघताना मी खामगावचा विचार करेन की नाही, हे मला आत्ता सांगता येत नाही. चित्र समोर असताना माणूस चित्रच बघतो असं मैत्रीण म्हणते. मला ते थोडं टोचतं, आणि तिचं खरं असावं असंही वाटतं.

बाबांना मात्र देगा आवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ते चित्र व्हॉट्सॲपवर पाठवायला लावलं आणि गावच्या शेतकरी ग्रुपवर टाकलं. वर काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी अंगठे टाकले. एकानं विचारलं, कोणतं जिनिंग आहे? बाबा उत्तर टाइप करत बसले, पुसलं, परत टाइप केलं, पुसलं. अर्ध्या तासानं दुसऱ्या कोणीतरी लिहिलं : सात हजार दोनशे. ओला असन त कमी.